प्रतिस्पर्धी क्लबमध्ये गेलेल्या आघाडीपटूचा फॉर्म

फुटबॉलमधील आघाडीपटू आपला क्लब सोडून त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यावर त्याच्या खेळात, विशेषतः गोल करण्याच्या प्रमाणात, पडणारा फरक. दोन क्लबमधली ही चुरस एका शहरातली असते (मिलान, माद्रिद, ग्लासगो, मँचेस्टर, कोलकाता), दोन प्रदेशांतल्या जुन्या अढीतून आलेली असते (नेपल्स आणि तुरिन) किंवा विजेतेपदाच्या शर्यतीतून तयार झालेली असते (डॉर्टमुंड आणि बायर्न म्युनिक). बचावपटू असा क्लब बदलतो तेव्हाही रोष होतोच. पण आघाडीपटूच्या कामाचा हिशेब आकड्यांत मांडता येतो, म्हणून त्याचा चढउतार सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो आणि वर्षानुवर्षे बोलला जातो.

समर्थकांमध्ये या फरकाची दोन ठरलेली स्पष्टीकरणे ऐकू येतात. सोडून दिलेल्या क्लबचे लोक म्हणतात, गद्दारी पचली नाही. नव्या क्लबचे लोक म्हणतात, तिकडे त्याची किंमत कुणाला कळलीच नव्हती. दोन्हीकडे भाषा पायगुणाची असते. उदाहरणे सुटी करून पाहिली की वेगळेच चित्र दिसते. ज्याला आपण आघाडीपटूचा फॉर्म म्हणतो, त्यातला बराचसा भाग त्याला चेंडू पुरवणाऱ्या मध्यरक्षकांचा, प्रशिक्षकाच्या आखणीचा आणि त्या वर्षीच्या नशिबाचा असतो. करारावर सही करताना तो भाग जुन्या ड्रेसिंग रूममध्येच राहतो.

एक गोष्ट या स्थलांतराला अभ्यासासाठी फार सोयीची करते. खेळाडू दुसऱ्या देशात गेला की भाषा, हवामान, पंचांची शिस्त, बचावाची पद्धत असे सगळेच एकदम बदलते आणि फॉर्म नेमका कशाने गेला हे सांगता येत नाही. प्रतिस्पर्ध्याकडे जाणारा बहुधा त्याच लीगमध्ये राहतो. समोर तेच बचावपटू आणि तीच मैदाने. बदलतात ते संघसहकारी, प्रशिक्षक, स्वतःचे वय आणि स्टँडमधला आवाज. त्यामुळे ‘पाणी मानवले नाही’ हे कारण इथे सहजासहजी देता येत नाही.

घसरणीचे सर्वांत गाजलेले उदाहरण फर्नांडो टोरेसचे. ३१ जानेवारी २०११ रोजी, खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो ५ कोटी पौंडांना लिव्हरपूलहून चेल्सीत गेला. ब्रिटनमध्ये तोवर कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. लिव्हरपूलसाठी त्याने लीगच्या १०२ सामन्यांत ६५ गोल केले होते. चेल्सीत लीगच्या ११० सामन्यांत त्याला २० गोलच करता आले. चेल्सीकडून त्याचा पहिला सामना लिव्हरपूलशीच होता आणि तो चेल्सीने ०-१ असा गमावला. पहिला गोल यायला २३ एप्रिल उजाडला. पुढच्या हंगामात ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत क्लबसाठी त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्याने गोलरक्षकाला चकवले आणि समोर मोकळे जाळे असताना चेंडू बाहेर मारला. ते चित्र त्याच्या नावाला कायमचे चिकटले.

पण ही घसरण चेल्सीत सुरू झाली असे म्हणणे टोरेसवर अन्यायाचे आहे. २०१० च्या पहिल्या चार महिन्यांत त्याच्या उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. त्या उन्हाळ्यात स्पेन विश्वविजेता झाला, तरी टोरेसला स्पर्धेत एकही गोल करता आला नाही आणि अंतिम सामन्यात तो लंगडतच बाहेर गेला. चेल्सीत जाण्याआधीच्या अर्ध्या हंगामात लिव्हरपूलसाठी त्याचे लीगमधले गोल २३ सामन्यांत ९ होते. त्याच्या आदल्या हंगामात ते २२ सामन्यांत १८ होते. त्याचा सगळा खेळ बचावफळीच्या मागच्या रिकाम्या जागेत झेपावण्यावर उभा होता. लिव्हरपूलमध्ये ती जागा ओळखून पास देणारा स्टीव्हन जेरार्ड त्याच्या मागे होता, आणि २००९ पर्यंत लांब पल्ल्याचे पास देणारा झाबी अलोन्सोही होता. चेल्सीसमोर मात्र बहुतेक संघ स्वतःच्या गोलपाशी दाटीवाटीने उभे राहत, त्यामुळे मागे जागाच उरत नसे. शिवाय आघाडीपटू दिदिए द्रोग्बाच्या अंगाने बसवलेल्या संघात त्याला आपली जागा शोधायची होती. म्हणूनच २४ एप्रिल २०१२ ला बार्सिलोनाच्या मैदानावरचा त्याचा गोल बोलका ठरतो. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्याची भरपाई वेळ चालू होती, अंतिम फेरीसाठी हवा असलेला एक गोल करायला जवळजवळ सगळी बार्सिलोना पुढे आली होती आणि अर्धे मैदान मोकळे पडले होते. टोरेस एकटा धावत गेला, गोलरक्षकाला चकवून त्याने चेंडू जाळ्यात सारला. जागा मिळताच जुना टोरेस दिसला. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत त्याने सर्वाधिक गोलांबद्दलचा गोल्डन बूट पटकावला, तर २०१३ च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध गोलही केला. संपलेला खेळाडू एवढे करत नाही.

टोरेसच्या कहाणीत गुडघा आणि आखणी ही दोन कारणे आहेत. गोन्झालो हिग्वाईनच्या कहाणीत त्यांहून साधे, पण लोकांना सहसा न पटणारे कारण आहे. २०१५-१६ मध्ये नेपल्सच्या नापोली क्लबसाठी त्याने सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये ३५ सामन्यांत ३६ गोल केले आणि गुन्नार नॉर्दालचा १९४९-५० पासूनचा ३५ गोलांचा विक्रम मोडला. लगेच उन्हाळ्यात तुरिनच्या युव्हेंटसने ९ कोटी युरो मोजून त्याला उचलले. नेपल्समध्ये संतापाचा आगडोंब उसळला. तुरिनमधल्या पहिल्या हंगामात त्याने लीगमध्ये २४ गोल केले, दुसऱ्यात १६. आकडे पाहून घसरण झाली असे वाटते. मात्र विक्रमी हंगामाच्या आधी नापोलीत त्याचे गोल १७ आणि १८ होते. क्रम असा लागतो : १७, १८, ३६, २४, १६. यात वेगळा पडतो तो ३६ चा हंगाम. बाकीचे चार एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ आहेत, आणि जर्सी बदलल्याची रेघ त्यांच्यातून ओढायची म्हटले तर ओढता येत नाही.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. गोल ही मोजक्या संख्येने घडणारी गोष्ट आहे. ज्याची खरी ताकद हंगामाला २० गोलांची आहे, त्याला केवळ योगायोगाने एका वर्षी १५ आणि दुसऱ्या वर्षी २५ गोल मिळणे यात नवल काही नाही. खांबाला लागून आत गेलेले दोन-चार चेंडू, थोडी जास्त मिळालेली पेनल्टी एवढ्यानेही मोठा फरक पडतो. श्रीमंत प्रतिस्पर्धी खेळाडू विकत घेतो तो त्याच्या शिखराच्या वर्षानंतर. सामान्य वर्षानंतर कोणी ९ कोटी मोजत नाही. म्हणजे ज्यांच्यावर नजर खिळते ते सगळे डोंगरमाथ्यावर असताना निवडलेले असतात, आणि माथ्यावरून पुढचे पाऊल बहुतेक वेळा उताराचेच पडते. म्हणून फॉर्म मोजताना आदल्या एका हंगामाशी तुलना करणे फसवे असते. तीन-चार हंगामांची सरासरी घ्यावी, पेनल्टीचे गोल वेगळे काढावेत आणि उरलेले गोल दर ९० मिनिटांमागे मोजावेत. शक्य असेल तिथे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून काढलेला ‘अपेक्षित गोल’ हा आकडाही शेजारी ठेवावा.

हिग्वाईन गेल्यावर नापोलीचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहते. त्याच्या जागी आणलेला आर्काडिउश मिलिक गुडघ्याच्या दुखापतीने लवकरच बाहेर बसला. प्रशिक्षक मौरित्सिओ सारी यांनी नाइलाजाने द्रीस मेर्टेन्स या मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या बुटक्या विंगरला मधोमध खेळवले. आदल्या हंगामात लीगमध्ये ५ गोल करणाऱ्या मेर्टेन्सने त्या हंगामात २८ केले. हिग्वाईन असताना ८० गोल करणारा संघ तो गेल्यावर ९४ वर पोहोचला. हामशिक, इन्सिन्ये, काय्येहोन यांची ती साखळी समोर जो कोणी धावेल त्याला चेंडू पोहोचवत होती. या विषयावर एकच उदाहरण द्यायचे झाले तर ते मेर्टेन्सचे द्यावे, आणि त्याने तर क्लब बदललाच नव्हता.

वयाचा मुद्दा रॉबिन व्हॅन पर्सीमुळे स्पष्ट होतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये २९ वर्षांचा असताना तो आर्सेनलहून मँचेस्टर युनायटेडला गेला. आर्सेनलच्या अखेरच्या हंगामात लीगमध्ये ३० गोल, युनायटेडच्या पहिल्या हंगामात २६, आणि दोन्ही वेळा प्रीमियर लीगचा गोल्डन बूट. २२ एप्रिल २०१३ ला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि युनायटेडचे विसावे विजेतेपद त्याच रात्री नक्की झाले. सहाच दिवसांनी आर्सेनलच्या मैदानात जुन्या सहकाऱ्यांनी दुतर्फा उभे राहून नव्या विजेत्यांना मानवंदना दिली आणि व्हॅन पर्सीने पेनल्टीवर गोल केला. पुढच्या दोन हंगामांत त्याचे गोल १२ आणि १० वर आले. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन हे युनायटेडचे प्रशिक्षक निवृत्त झाले होते, दुखापती वाढल्या होत्या आणि तिशी ओलांडली होती. आर्सेनलमध्ये राहिला असता तरी ही घसरण टळली असती असे मानायला आधार नाही.

उलट दिशेची उदाहरणेही भक्कम आहेत. ह्यूगो सँचेझ १९८५ मध्ये आतलेतिको माद्रिदकडून रेआल माद्रिदकडे गेला. आतलेतिकोसाठी १९ गोल करून तो स्पेनच्या लीगमध्ये त्या वर्षी अव्वल ठरला होता. रेआलमध्ये पहिल्या हंगामात २२, नंतर ३४, मग २९, आणि १९८९-९० मध्ये ३८. एका हंगामातल्या गोलांच्या टेल्मो झाराच्या विक्रमाची त्याने बरोबरी केली. त्या हंगामात रेआलने लीगमध्ये १०७ गोल केले आणि सलग पाचवे विजेतेपद मिळवले. मिचेल आणि बुत्राग्वेन्यो शेजारी असताना गोलसमोरच्या पेटीत योग्य क्षणी हजर राहणाऱ्या सँचेझला संधींची ददात नव्हती. कार्लोस टेव्हेझचे कारण आणखी सरळ होते. दिमितार बर्बाटोव्ह आल्यावर मँचेस्टर युनायटेडमध्ये त्याला बऱ्याचदा बाकावर बसावे लागले आणि २००८-०९ मध्ये लीगमध्ये त्याचे गोल ५ झाले. शहर न सोडता तो मँचेस्टर सिटीत गेला, नियमित खेळू लागला आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये २३ गोल करून मोकळा झाला. लुईस सुआरेझला बार्सिलोनाने ३३ व्या वर्षी जवळजवळ वाटेला लावले. आतलेतिकोसाठी २०२०-२१ मध्ये त्याने २१ गोल केले. शेवटच्या दोन्ही सामन्यांतले विजयी गोल त्याचेच होते आणि त्यांवरच लीग जिंकली गेली. रॉबर्ट लेवांडोव्हस्कीने मात्र थोडी वाट पाहायला लावली. डॉर्टमुंडच्या अखेरच्या हंगामात २०, बायर्नच्या पहिल्या हंगामात १७, दुसऱ्यात ३०, आणि २०२०-२१ मध्ये ४१. गेर्ड म्यूलरचा १९७१-७२ पासूनचा ४० गोलांचा विक्रम त्याने मोडला. १७ वर थांबून कोणी निष्कर्ष काढला असता, तर तो किती चुकला असता!

प्रेक्षकांच्या रोषाचा परिणाम होतो का, याचे एकच उत्तर नाही. टोरेस गेल्यावर लिव्हरपूलमध्ये त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या गेल्या. मो जॉनस्टनवर तर दोन्हीकडून आग पाखडली गेली. ग्लासगोतल्या सेल्टिकचा हा जुना आघाडीपटू फ्रान्समधल्या नाँतहून सेल्टिकमध्ये परतणार असे जाहीर झाल्यावर १९८९ मध्ये अचानक त्याच शहरातल्या रेंजर्समध्ये गेला. कॅथलिक खेळाडू न घेण्याची रेंजर्सची दीर्घ परंपरा होती, त्यामुळे रेंजर्सच्याही काही समर्थकांनी आपले स्कार्फ जाळले. नोव्हेंबरमध्ये सेल्टिकविरुद्ध १-० च्या विजयातला उशिराचा गोल जॉनस्टनचाच होता. एवढ्या दबावाखाली कोणी मोडून पडतो, कोणी अधिक धारदार होतो. जुन्या क्लबविरुद्ध माजी खेळाडू गोल करतोच, असा समज इटलीत इतका रुजला आहे की तिथे त्या गोलला स्वतंत्र नाव आहे : ‘गोल देल एक्स’. हिग्वाईनने नापोलीविरुद्ध पहिल्याच सामन्यात विजयी गोल केला आणि आनंद मात्र व्यक्त केला नाही. तरीही असे गोल लक्षात राहतात आणि गोल न झालेले सामने विसरले जातात, हे ध्यानात ठेवायला हवे.

भारतात या प्रकाराचे माहेरघर कोलकाता. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातल्या ये-जा करण्याला तिथे ‘दलबदल’ म्हणतात, आणि नोंदणीच्या दिवसांत खेळाडूला दुसऱ्या क्लबच्या नजरेआड लपवून ठेवण्याचे किस्से जुने लोक आजही सांगतात. १९८५ मध्ये कृशानू डे आणि बिकाश पांजी ही जोडगोळी मोहन बागानमधून एकत्रच ईस्ट बंगालमध्ये गेली. दोघांमधली समज तुटू न देण्याचा हा शहाणपणा युरोपातल्या कितीतरी श्रीमंत क्लबना सुचलेला नाही. बायचुंग भूतियाने १३ जुलै १९९७ ला फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात, सॉल्ट लेकवर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांपुढे, ईस्ट बंगालसाठी बागानवर हॅट्‌ट्रिक केली. २००२ मध्ये तो स्वतः बागानमध्ये आला तेव्हा दुखापतीने त्याचा हंगाम खाल्ला. एडे चिडीने ऑक्टोबर २००९ मध्ये बागानसाठी ईस्ट बंगालवर चार गोल चढवले (५-३). पुढे तो गोव्यात साळगावकरकडे खेळला आणि तिथून ईस्ट बंगालमध्येच दाखल झाला.

महाराष्ट्र आणि गोव्यापुरते बोलायचे तर इगोर अँगुलोचे उदाहरण जवळचे. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवासाठी १४ गोल करून या स्पॅनिश आघाडीपटूने गोल्डन बूट मिळवला. उपांत्य फेरीत मुंबई सिटीने गोव्याला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि पुढच्या हंगामात अँगुलो मुंबईचा झाला. २२ नोव्हेंबर २०२१ ला मुंबईचा पहिला सामना गोव्याशीच पडला. मुंबई ३-० ने जिंकली, त्यातले दोन गोल अँगुलोचे. करोनामुळे ते दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात, आणि २०२२ चा अंतिम सामना सोडता सामान्य प्रेक्षकांविना खेळवले गेले होते. त्याला शिट्ट्या मारणारे कोणी नव्हते, आणि मुंबईकर होऊनही तो फातोर्डा, वास्को, बांबोळीच्याच मैदानांवर खेळत होता. हंगामाअखेर त्याचे गोल १० झाले. एदू बेदिया आणि ब्रँडन फर्नांडिस हे गोव्याचे मध्यरक्षक आता त्याच्या समोरच्या संघात होते, मुंबई बाद फेरी गाठू न शकल्याने सामने कमी मिळाले, आणि त्याला ३८ वे वर्ष लागले होते.