खोकी किती विकली, हे कोणी मोजलं?

वाशीच्या एपीएमसीत रोज किती गाड्या कांदा आला आणि भाव काय फुटला, याची नोंद होते. त्या नोंदीवर नाशिक-पुण्याकडचा शेतकरी माल काढायचा की थांबायचा ते ठरवतो. १९९० च्या सुमारास सॉफ्टवेअर खोक्यात भरून दुकानांत विकलं जायचं; अमेरिकेतल्या त्या बाजारात मात्र कंपन्या छातीठोकपणे सांगत ते आकडे बहुतेकदा दुकानांकडे रवाना केलेल्या मालाचे असत. त्यातली कितीतरी खोकी न खपता परत यायची. पाठवलेला माल आणि विकलेला माल यांतला हा फरक सॉफ्टवेअरच्या विक्रीमोजणीच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

१९९१ मध्ये अॅन स्टीफन्स यांनी व्हर्जिनिया राज्यातल्या रेस्टन इथे ‘पीसी डेटा’ ही कंपनी सुरू केली. दुकानाच्या काउंटरवर बारकोड वाचला गेला की विक्रीची नोंद होतेच. ती मोठ्या साखळी दुकानांकडून घ्यायची, एकत्र करायची आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना विकायची, हे तिचं काम. बारकोड तेव्हा नवा राहिला नव्हता. किराणा दुकानात तो पहिल्यांदा वाचला गेला १९७४ मध्ये, ओहायोतल्या एका सुपरमार्केटात, च्युइंगमच्या पाकिटावर.

या मोजणीने काय साधलं, ते ‘डीअर हंटर’वरून कळतं. १९९७ च्या अखेरीस आलेला हा शिकारीचा स्वस्त गेम. संगणकाच्या मासिकांनी त्याला नाकं मुरडली. पण वॉलमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानात घरसामान घ्यायला आलेला माणूस तो उचलत होता आणि विक्रीच्या याद्यांत तो वर चढत गेला. समीक्षकांच्या नजरेत नसलेला गिऱ्हाईक काउंटरवरच्या आकड्यांनी दाखवून दिला. मला ही या धंद्याची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

२००१ मध्ये चित्र पालटलं. पीसी डेटाचं विक्रीमोजणीचं काम एनपीडी ग्रुप या बाजारपाहणी करणाऱ्या कंपनीकडे गेलं. त्याच वर्षी वॉलमार्टने आपली विक्रीची माहिती बाहेरच्या संस्थांना देणं बंद केलं. एवढा मोठा दुकानदार गप्प बसल्यावर उरतो तो अंदाज, आणि तो कितीही काळजीपूर्वक बांधला तरी मोजणीची जागा घेत नाही. पुढे २००३ मध्ये स्टीम हे गेम थेट इंटरनेटवरून उतरवून देणारं व्यासपीठ आलं; खोकं, बारकोड आणि काउंटर, तिन्ही हळूहळू मागे पडले.

आपल्याकडे ही पद्धत लागूच पडली नसती. त्या काळात ठाण्यात किंवा वाशीत जोडून घेतलेल्या संगणकात विंडोज आणि ऑफिस बहुधा आधीच भरलेलं यायचं, बिलावर त्याची ओळही नसायची. वापरणारे घरोघरी, विक्री मात्र कागदावर नाही.

आता महापे-ऐरोलीच्या कार्यालयांत बसून परदेशी कंपन्यांच्या विक्रीचे तक्ते करणाऱ्या मुलामुलींसमोर खोक्यांऐवजी वर्गणी आणि डाउनलोड असतात. एनपीडीचं नावही २०२३ मध्ये बदललं: आयआरआय या कंपनीशी एकत्र येऊन ती आता ‘सर्काना’ झाली आहे. तक्ता हाती आला की पहिला प्रश्न अजूनही तोच विचारावा लागतो: यात कोणाचे आकडे आले आहेत, आणि कोणी दिलेले नाहीत?