तलंगा अंड्यावर कधी येणार? आधी दिवस मोजा

जुलैच्या सुरुवातीला बाजारातनं पाच गावरान पिल्लं आणली तेव्हा माझा हिशोब सोपा होता, सहा महिने सांभाळायचं की अंडी सुरू. डिसेंबर संपत आला तरी खुराड्यात शिटीशिवाय काही सापडेना. आमचं घर जुळे सोलापुरात, शेजारच्या मावशी रोज कंपाउंडवरनं विचारायच्या, "काय रे, आल्या का तलंगा अंड्यावर?" (तलंगा म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरण्या कोंबड्या) आणि मी आपला मका-ज्वारी वाढवत बसलो, त्यानं कोंबड्या नुसत्या जाड झाल्या.

चूक माझ्या हिशोबात होती. वय लागतंच, लेयर फार्मवरच्या कोंबड्या 18 ते 20 आठवड्यांत सुरू होतात कारण त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठीच निवडलेल्या आहेत, गावरानला निवांत 24 ते 28 आठवडे लागतात, कधी जास्तही. पण वय झालं तरी कोंबडीचा मेंदू आणखी एक गोष्ट बघतो, ती म्हणजे दिवस केवढा मोठा आहे. आणि गंमत म्हणजे हे ती फक्त डोळ्यांनी बघत नाही. उजेड तिच्या कवटीतनं आरपार जाऊन मेंदूच्या आतल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो! जाक बेनवा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1930च्या दशकात बदकांवर हे दाखवलं होतं, डोळे नसलेल्या बदकांवरही उजेडाचा परिणाम होत होता. दिवस वाढतोय हे कळलं की मेंदूतनं हार्मोन्स सुटतात आणि अंडाशय जागं होतं. अंडाशयही कामाचं एकच बरं का, डावीकडचं, उजवीकडचं वाढतच नाही.

आता सोलापूरचं बघा. जूनमध्ये दिवस 13 तासांच्या थोडा वर, डिसेंबरात जेमतेम 11. म्हणजे माझ्या तलंगा नेमक्या दिवस लहान होत असतानाच वयात येत होत्या, त्यांनी थांबणं साहजिकच. फार्मवाले म्हणूनच बल्ब लावून एकूण 15-16 तास उजेड देतात. घरी लावायचा तर पहाटे लावा, संध्याकाळी नको, कारण बल्ब एकदम बंद झाला की अंधारात त्यांना बसायची दांडी सापडत नाही. आणि कोवळ्या पोरींना तर अजिबात घाई करू नका, लवकर सुरू झाल्या की अंडी बारकी येतात आणि कधीकधी अंडं घालताना अंगच बाहेर येतं. मी बल्ब लावलाच नाही, आळस म्हणा.

जानेवारीत, संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्डा यात्रेच्या आसपास एकीचा फिकट तुरा लालभडक झाला, आणि पाठीवर हात ठेवला की पळायच्या ऐवजी पंख सैल सोडून खाली बसायला लागली. ही खूण सगळ्यात भरवशाची. शेपटीखालची दोन हाडंही चाचपून बघता येतात, मधे दोन-तीन बोटं मावली की दिवस जवळ आले.

बाहेर हे चालू असताना आत दुसरीच तयारी असते. अंड्याच्या एका कवचाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत ते 30 मिलिग्रॅमही नसतं, म्हणजे माझा मका-ज्वारीचा थाट इथं बिनकामाचा. म्हणून पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी कोंबडी पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच मऊ हाड तयार करते, कॅल्शियमचा गल्लाच तो. कवच बहुतेक रात्रीच चढतं, पोटात खाणं नसतं, तेव्हा या गल्ल्यातनं उचल होते. शिंपल्याची भरड वेगळ्या वाटीत ठेवायची ती यासाठी, लागेल तेवढी ती स्वतः खाते. पिल्लांना मात्र लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही.

पहिलं अंडं तिनं खोक्यातल्या फाटक्या सोलापुरी चादरीवर घातलं, किचनच्या काट्यावर 34 ग्रॅम, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. आई घाबरली, पण पहिल्या अंड्यांना असं होतं. दुसरं आलं बिनकवचाचं, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं लुळुलुळू. नवीन मशीन सेट होतंय म्हणायचं! एक अंडं व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20च्या आसपास नुसत्या कवचाला, त्यामुळं वेळ रोज थोडी पुढं सरकते आणि मग एखाद्या दिवशी खाडा पडतो. आमचीनं तिसऱ्या अंड्यानंतर खाडा केला तर मावशी लगेच म्हणाल्या, "नजर लागली बघ."

बाकीच्या चौघींचे तुरे आता लाल व्हायला लागलेत.