प्लगइन बंद केलं, तरी फाइल चालूच

वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचं एखादं प्लगइन (जोड-प्रोग्राम) ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ केलं की धोका टळला, असा पुष्कळांचा समज असतो. सप्टेंबर २०२० मधल्या ‘डब्ल्यूपी फाइल मॅनेजर’ या प्लगइनच्या हॅकिंग प्रकरणाने तो खोटा ठरवला. तेव्हा हे प्लगइन सात लाखांहून अधिक साइट्सवर होतं.

त्यात ‘एलफाइंडर’ ही फाइली हाताळणारी तयार लायब्ररी (आयता कोड) वापरली होती. लायब्ररीसोबत एक नमुना फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘.पीएचपी.डिस्ट’ असतं. सर्व्हर सहसा नावाचा शेवट पाहतो: ‘.पीएचपी’ (वर्डप्रेसची प्रोग्रामिंग भाषा) असेल तर फाइल चालवतो, ‘.डिस्ट’ असेल तर चालवत नाही. प्लगइनमध्ये नेमकं हे ‘.डिस्ट’चं शेपूट उडवलं गेलं आणि नमुना जिवंत झाला. तो थेट वापरायचा नव्हताच, म्हणून त्यात लॉगिनची तपासणीही नव्हती.

आता गंमत बघा. प्लगइन सुरू आहे की बंद, ही नोंद वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये, ऑप्शन्सच्या टेबलात असते. पण कोणी त्या फाइलचा पत्ता थेट मागितला, तर सर्व्हर फक्त तेवढीच फाइल चालवतो. वर्डप्रेस मध्ये येतच नाही, मग ती नोंद वाचणार कोण? फाइल डिस्कवर आहे, एवढं पुरतं. हल्लेखोर एलफाइंडरची ‘अपलोड’ आज्ञा देऊन स्वतःची पीएचपी फाइल प्लगइनच्याच ‘लिब/फाइल्स’ फोल्डरमध्ये टाकत आणि लगेच तिचा पत्ता उघडत. तिथून डेटाबेसचा पासवर्ड सहज वाचता येतो. काहींनी तर आत शिरल्यावर त्या सदोष फाइलला स्वतःचा पासवर्ड लावला, दुसरी टोळी येऊ नये म्हणून!

ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह इथे काही कामाचं नाही. ते वाटेतला मजकूर झाकतं, सर्व्हरवरचं भोक नाही. ‘लहान साइट कोण हॅक करणार?’ हेही व्यर्थ, कारण पत्ते तपासणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, साइटचा आकार पाहत नाही.

६.० ते ६.८ या आवृत्त्या सदोष होत्या, ६.९ मध्ये दुरुस्ती झाली. अपडेट करताना प्लगइनचं जुनं फोल्डर पुसलं जातं, त्यामुळे तिथली घुसखोर फाइल जाते, पण तिने इतरत्र केलेल्या प्रती राहतात. त्या शोधायला डब्ल्यूपी-सीएलआय या, टाइप केलेल्या आज्ञांनी वर्डप्रेस हाताळणाऱ्या साधनाची ‘कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ आज्ञा चालवा; ती वर्डप्रेसच्या मूळ फाइली अस्सल प्रतीशी ताडून पाहते. ‘अपलोड्स’ फोल्डर तिच्या कक्षेत येत नाही; तिथे ‘.पीएचपी’ फाइली हातानेच शोधा. अनोळखी अ‍ॅडमिन खाती उडवा, डेटाबेसचा पासवर्ड बदला आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या फाइलमधल्या सॉल्ट किल्ल्याही (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरओळी) बदला. किल्ल्या बदलताच सगळी जुनी लॉगिनं तुटतात, चोराचं आणि तुमचंही.