गाडी धुणे व मेण चढवणे (ग्रामीण विदर्भ)

चारचाकीच्या रंगावरची धूळ, चिखल व क्षार पाण्याने काढून त्यावर मेणाचा पातळ थर देणे. बोलण्यात याला ‘वॅक्स मारणे’ म्हणतात.

पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची चकाकी त्याचीच, आणि झिजतो तोही तोच.

विदर्भात गाडीचा रंग धुळीने जितका जातो, त्याहून जास्त ती धूळ कोरडी पुसल्याने जातो. पांदण रस्त्याने वावरातून आलेल्या गाडीचे बॉनेट मळकट झालेले असते. उतरणारा माणूस खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते झटकन पुसतो. धुळीतले रेतीचे कण त्या दुपट्ट्याखाली घासले जातात. दुसऱ्या दिवशी तिरप्या उन्हात पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरजवळ उभ्या केलेल्या गाडीवर कुटाराचा भुसा बसतो, वणी-चंद्रपूर भागात कोळशाची काळी पूड. उपाय दोन्हीकडे एकच: आधी नुसते पाणी सोडावे, हात नंतर लावावा.

पावसाळ्यातली काळी माती वेगळी. ओली असताना ती चिकटते, वाळली की मडगार्डच्या आत दगडासारखी घट्ट होते. ती खरवडू नये. दहा-पंधरा मिनिटे भिजू दिली तर सुटते.

धुताना दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. टपापासून खाली यावे, चाके शेवटी. कपड्यांच्या साबण पावडरीने गाडी स्वच्छ होते खरी, पण आधीचे मेणही निघून जाते. डिझेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची सवय अजून गावोगाव आहे. ती चमक तेलकट असते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर धूळ चिकटते.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचाच प्रश्न आहे. तिथल्या बोअरचे पाणी उन्हात वाळले, की थेंबाच्या जागी क्षाराचा पांढरा गोल उरतो, आणि तो बरेच दिवस तसाच राहिला तर रंगात मुरतो. म्हणून शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचा द्यावा आणि गाडी लगेच मऊ मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा धुणे पहाटेच, तेही सावलीत. मात्र लिंबाखाली कायम गाडी ठेवणाऱ्याने पाखरांची विष्ठा त्याच दिवशी काढावी, कारण तापलेल्या कोटावर तिचा डाग पक्का बसतो.

मेणांत कार्नोबा नावाजलेले. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते मिळते. सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळते, म्हणून नैसर्गिक मेणांत ते कडक मानले जाते. गाडी पूर्ण कोरडी आणि हाताला थंड लागेल अशी असावी. एकेका भागावर अगदी पातळ हात फिरवावा, पांढरट झाक आली की स्वच्छ फडक्याने उजळावे. काळ्या प्लास्टिकच्या बंपरवर मेण लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

तालुक्याच्या वॉशिंग सेंटरवर ‘पॉलिश’ सांगताना नीट विचारून घ्यावे. तिथे या शब्दाखाली कधी मेण मिळते, तर कधी रबिंग कंपाउंड. कंपाउंड चरे काढते, पण क्लिअर कोट घासूनच. दरवर्षी ते करवून घेणे गाडीच्या मुळावर येते.

दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक काढतात. त्याच्या चार दिवस आधी मेण दिलेले असले, तर ओल्या हळदीचा रंग सहज पुसला जातो. पूजेनंतर ते रात्रभर तसेच ठेवू नये.

मेण विदर्भाच्या उन्हात काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. ते उरले आहे की नाही हे तांब्याभर पाण्याने कळते: बॉनेटवर ओतलेले पाणी टपोऱ्या थेंबांनी घरंगळले तर मेण आहे, चादरीसारखे पसरून बसले तर संपले.