कागदाचा पोत आणि ‘ग्रेन’ नावाचा घोळ

जुन्या प्रिंटवरचा पोत हा मुळात दोष नव्हे. 1960 आणि 70च्या दशकांत सिल्क किंवा मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उठवलेला कागद लोक हौसेने निवडत. त्यावर बोटांचे ठसे दिसत नसत, चकाकी मोडे, रीटचिंग झाकलं जाई. प्रिंट हातात धरून पाहताना ही नक्षी कुणाला खुपली नाही. खुपू लागली ती स्कॅनर घरात आल्यावर. त्याचा प्रकाश कागदावर तिरका पडतो. त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची एक कड उजळते, दुसऱ्या कडेला बारीक सावली पडते आणि मूळ चित्रात कधीच नसलेलं जाळं फाइलमध्ये उतरतं.

पुढचा सगळा गोंधळ एका शब्दाने केला. फिल्मवरच्या चांदीच्या कणांना ग्रेन म्हणत. मग कागदाच्या पोतालाही लोक ग्रेनच म्हणू लागले आणि डिजिटल कॅमेऱ्याचा नॉइजही, म्हणजे चित्रावर उमटणारे भरकटलेले ठिपकेही, त्याच नावाखाली आले. या तीन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं नाही. चांदीचा कण चित्राच्या आतला आहे, तो काढला तर चित्रच कमी होतं. नॉइज सेन्सर आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येतो. पोत मात्र पृष्ठभागाचा उंचसखलपणा आहे आणि तो दिसतो केवळ प्रकाशाच्या दिशेमुळे. नाव एकच असल्यामुळे तिन्हींवर ‘नॉइज कमी करा’ हेच बटण दाबलं गेलं. समूहचित्रातल्या मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा असतो, तिथे षटकोनाचा आकार डोळ्याच्या आकाराला भिडतो. जाळं पुसेपर्यंत फाइल धूसर केली की पापण्या जातात, कॉलरची शिवण जाते आणि चेहरा मेणाचा होतो. अशा हजारो फायली आज मूळ म्हणून जपल्या जात आहेत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

योग्य हत्यार फार आधीपासून तयार होतं. फूरिये रूपांतर, म्हणजे चित्र पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानमोठ्या लाटांमध्ये फोडून मांडणं, ही कल्पना 1822च्या ग्रंथातली, आणि ते संगणकावर झटपट करण्याची रीत, म्हणजे एफएफटी, 1965 साली रूढ झाली. मरिनर 6 या अंतराळयानाने 1969मध्ये पाठवलेल्या मंगळाच्या चित्रातला नियमित व्यत्यय याच मार्गाने काढता येतो, हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत आहे. घरच्या फोटोंपर्यंत ही रीत पोहोचली ती बऱ्याच नंतर, फोटोच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या प्लगइनच्या रूपाने. रूपांतर केल्यावर नक्षी मध्यबिंदूभोवती ठळक ठिपक्यांच्या रूपात दिसते. ते ठिपके काळ्या ब्रशने झाकायचे, मध्याला हात लावायचा नाही आणि उलट रूपांतर करून चित्र परत मिळवायचं. ब्रश गरजेपेक्षा मोठा घेतला तर चष्म्याच्या काडीसारख्या कडक कडांभोवती लाटा उठतात. स्कॅन 600 डीपीआयच्या (दर इंचाला 600 बिंदू) आसपास हवा. फार कमी रिझोल्यूशनला नक्षी नीट टिपलीच जात नाही, तिचं मोआरे, म्हणजे मुळात नसलेली लाटांसारखी नक्षी, होऊन बसतं.

एफएफटी नियमित नक्षीलाच पकडते. मॅट कागदाचा वेडावाकडा खरखरीतपणा तिला निसटतो. तिथे स्कॅन करतानाच उपाय करावा लागतो. प्रिंट एकदा सरळ आणि एकदा 180 अंश फिरवून स्कॅन करायची, दुसरी फाइल सुलट करून पहिलीवर तंतोतंत बसवायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. एका स्कॅनमध्ये जिथे सावली, तिथे दुसऱ्यात उजेड, म्हणून जाळं बरंचसं विरतं. कॅमेऱ्याने प्रत काढणारे दिव्यांवर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर, लावतात. त्याने चकाकी जाते आणि तिच्याबरोबर बहुतेक पोतही.

वाद उरतो तो पोत काढावा की नाही याचा. कागद हाही दस्तऐवज आहे, त्याच्या पोतावरून प्रिंटचा काळ ताडता येतो, असं जतन करणारे म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण तो पोत पाहायचा तर मूळ प्रिंट पाहावी. स्कॅनमध्ये येते ती दिव्याने पाडलेली सावली, आणि ती जपण्याचा आग्रह मला पटत नाही. पहिला स्कॅन मात्र जसाच्या तसा टिफ या फाइल-प्रकारात वेगळा ठेवलाच पाहिजे.

फोटो आपोआप सुधारणारी न्यूरल (एआय) साधनं आल्यापासून क्रमाला महत्त्व आलं आहे. पोत न काढता फाइल त्यांच्याकडे दिली तर षटकोनांच्या कडा सुरकुत्या समजून ठळक केल्या जाऊ शकतात. मग नक्षी नियमित उरत नाही आणि एफएफटीला धरायला ठिपकेही सापडत नाहीत.