स्वयंपाकघर व न्हाणीघराचे नूतनीकरण (खानदेश)

राहत्या घरातील स्वयंपाकघर, मोरी, न्हाणीघर किंवा शौचालय फोडून नव्याने करण्याचे काम. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत आणि नाशिक जिल्ह्याच्या बागलाण-मालेगाव पट्ट्यात ते बहुधा ओळखीचा मिस्तरी किंवा ठेकेदार करतो. नवे घर बांधण्यापेक्षा हे काम अवघड. घरची माणसे तिथेच राहत असतात, चूल बंद ठेवता येत नाही आणि भिंतीच्या पोटात काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पहिला हातोडा पडण्यापूर्वी जे ठरते, त्यावरच या कामाचे बरेवाईट अवलंबून असते.

खानदेशातील जुनी घरे धाब्याची: जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे छत. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, त्याच्याच कोपऱ्यात मोरी, आणि शौचालय असलेच तर परसात. अशा घरात नळ आणि फरशी आणताना मोठा धोका ओलीचा असतो. मातीच्या भिंतीत पाइप दाबला आणि सांधा पाझरू लागला, तर भिंत आतून ढासळू लागते आणि ते बाहेरून लवकर कळत नाही. त्यामुळे मातीच्या भिंतीला चिकटून न्हाणीघर न करता स्वतंत्र विटांची भिंत घ्यावी आणि पाइप उघडे ठेवावेत. परसात नवी खोली काढायची असेल तर पाया काळ्या मातीत थांबवू नये, खाली मुरमापर्यंत न्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या घराला जोडलेल्या खोलीचा सांधा तडकतो तो बहुधा यामुळेच.

स्वयंपाकघराची आखणी कॅटलॉगमधून न करता घरात काय शिजते त्यावरून करावी. खापरावरचे (उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेले) मांडे, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरताची वांगी भाजणे, तिखटाची फोडणी, उन्हाळ्यातले पापड-बिबडे, हे सगळे दोन फूट रुंदीच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मावत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदची भरताची वांगी भाजायची तर धूर घराबाहेर जायला हवा, आणि खापर ठेवायला रुंद चूल व दोघींना बसता येईल एवढी मोकळी जागा हवी. त्यामुळे ज्यांच्याकडे परस आहे त्यांनी आतल्या ओट्याबरोबरच मागे पत्र्याच्या सावलीत एक चूल ठेवावी. नूतनीकरणात ती आधी काढली जाते आणि पुढे तिचीच उणीव जाणवते. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच धरतात. ती मिस्तरीच्या सवयीवर सोडू नये. रोज ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला उभे करून, कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करून घ्यावी. ठेकेदाराशी बोलणी घरचा कर्ता पुरुष करतो आणि बाईला विचारले जाते ते टाइल्सच्या रंगापुरते, ही पद्धत बदलायलाच हवी. डबे कुठे, पाण्याची भांडी कुठे, खरकटे कुठे, हे तिलाच ठाऊक असते.

पाण्याचा विचार या भागात वेगळा करावा लागतो. अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. आले की भरून ठेवायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. म्हणून जमिनीखालचा हौद, गच्चीवरची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांची जागा व माप फरशी बसवण्याआधी ठरवावे. बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. तोटी, शॉवर आणि गिझरच्या कॉइलवर क्षारांची पांढरी पुटे चढतात, म्हणून सुटे भाग गावात मिळतील अशाच तोट्या घ्याव्यात आणि गिझरला वेगळा कॉक ठेवावा. बोअरची आणि नळाची लाइन एकत्र करू नये. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. हौदातून मोटरने थेट येणारी एक जोड लाइन न्हाणीघरात दिली तर ती अडचण सुटते. पीव्हीसी पाइपचे मोठे उत्पादन जळगावातच होते, माल सहज मिळतो. पण गरम पाण्यासाठी आणि सोलर हीटरच्या लाइनसाठी सीपीव्हीसीच (उष्णता सोसणारा पाइप) लागतो, साधा पीव्हीसी चालत नाही.

न्हाणीघराचा उतार 80 फुटांना एक फूट एवढा तरी हवा, म्हणजे पाच फूट लांबीत पाऊण इंच. खोलगट (पाइपसाठी खाली घेतलेला) स्लॅब नसलेल्या जुन्या घरात नहाणी ट्रॅप (फरशीतली वास अडवणारी जाळीची मोरी) आणि शौचालयाचा पाइप बसवायला फरशी उचलावी लागते. मग एक पायरी येते, आणि घरात म्हातारी माणसे असतील तर तिथे पकडायला दांडी लावावी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचरा बंद करून निदान 24 तास पाणी भरून ठेवावे, खालच्या व शेजारच्या खोलीत ओल येते का ते पाहावे आणि मगच टाइल्स बसवू द्याव्यात. ठेकेदार घाईत असला की हा एक दिवस वाचवू पाहतो. त्या दिवशी मात्र अजिबात मागे हटू नये. पाइप आणि वायर भिंतीत बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर पुढे ड्रिल मारताना ते कामी येतात. गिझरच्या लाइनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे.

ठेका दोन प्रकारचा असतो: मालासह किंवा फक्त मजुरीचा. मजुरीच्या ठेक्यात माल घरमालकाने आणायचा, त्यामुळे दर्जा हाती राहतो, पण सिमेंट संपले की काम थांबते. मालासह ठेक्यात टाइल्सचा प्रकार, पाइपची कंपनी आणि तोट्यांचा दर लिहून घेतला नाही तर वाद ठरलेलाच. मापही आधी बोलावे. 5 × 7 फुटांच्या न्हाणीघरात 7 फूट उंचीपर्यंत टाइल्स लावल्या, तर भिंती 168 चौरस फूट, त्यातून अडीच फुटी दार वजा जाता सुमारे 150, तळ 35, आणि तुटफूट म्हणून 10 टक्के जास्त. म्हणजे साधारण 204 चौरस फूट माल लागतो. मजुरी दार वजा करून धरायची की न करता, हे कागदावर असावे. उचल थोडी, मग कामाच्या टप्प्याने हप्ते, आणि शेवटचा हप्ता पाणी सोडून सगळे तपासल्यावर. वाढीव काम निघाले की त्याचा दर त्याच दिवशी लिहावा. मिस्तरी ओळखीचा, भाऊबंदकीतला असेल तर कागद करायला माणसे संकोचतात. पण हिशेब लिहिलेला असला की नातेही टिकते.

छोट्या न्हाणीघराला दोन-तीन आठवडे, स्वयंपाकघराला महिनाभर धरावा. खानदेशात याला सणांची मोठी अडचण येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात आणि श्रावणात कानबाई या देवीच्या रोटांसाठी (नैवेद्याच्या जेवणासाठी) भाऊबंद जमतात, म्हणून प्रत्येकाला काम त्याआधी हवे असते. होळीला सातपुड्यातले आदिवासी मजूर गावी जातात आणि कामे थंडावतात. मार्च ते मे हाच वाळवणाचाही काळ, त्यामुळे तेव्हा ओटा फोडला तर वर्षभराचे पापड करायचे राहून जातात. शिवाय कडक उन्हात गिलावा भराभर सुकून तडकतो. त्याला सात दिवस पाणी मारायचे तर पाणीही जवळ हवे. या सगळ्याचा विचार करता दिवाळीनंतर काम धरून थंडीतच उरकणे सोयीचे पडते.

फरशी, गिलावा, रंग यांसारख्या दुरुस्तीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. खांब-तुळई हलवायची किंवा खोली वाढवायची असेल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारावे. ठेकेदाराने पैसे घेऊन काम अर्धवट सोडले, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तिथे लेखी दर, पावत्या आणि कामाचे फोटो हेच पुरावे म्हणून चालतात.