'रीलोड' या शब्दामागचा गुंता

कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल बदलली की 'रीलोड मार', हा सल्ला लिनक्सवर काम करणारा प्रत्येक जण देतो. कोणी, काय, पुन्हा वाचायचं हे मात्र त्या शब्दातून कळत नाही. हा घोळ एका जुन्या तडजोडीतून आला आहे.

सिग्नल म्हणजे प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) पाठवलेला क्रमांकाचा इशारा. त्यातला क्रमांक १, म्हणजे एचयूपी, मुळात मोडेमची लाइन तुटल्यावर टर्मिनलवरच्या प्रोसेसना जायचा. तो आला की प्रोसेसने मरायचं, हेच ठरलेलं. डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, तर टर्मिनलपासून स्वतःला तोडूनच घेतो, त्यामुळे त्याला हा सिग्नल आपसूक येण्याचं कारणच उरत नाही. मग तो रिकामा सिग्नल 'कॉन्फिग पुन्हा वाच' या अर्थाने वापरायची रीत पडली. ४.३ बीएसडी या युनिक्समधला (१९८६) आयनेटडी हा नेटवर्क डीमन तेच करायचा.

सोय झाली, पण दोन उणिवा राहिल्या. ज्या प्रोग्रामने हा सिग्नल हाताळलेला नाही, तो आजही एचयूपी मिळताच मरतो. समजा सर्व्हर क्रॅश झाला, पीआयडी फाइल (प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेली) तशीच पडून राहिली आणि तो क्रमांक नंतर एखाद्या बॅकअप स्क्रिप्टला मिळाला. आता त्या फाइलवरून 'रीलोड' केलं की बॅकअप अर्ध्यात मरतो. दुसरी उणीव जास्त जाचक आहे: सिग्नलला उत्तर नसतं. 'किल' ही कमांड शून्य (म्हणजे 'यशस्वी') कोड देते तो फक्त सिग्नल पाठवल्याचा. फाइल वाचली का, तिच्यात चूक सापडली का, हे लॉगमध्येच शोधावं लागतं.

त्यात प्रत्येक सर्व्हरने एचयूपीचा अर्थ आपापला लावला. अपाची या वेब सर्व्हरमध्ये एचयूपीने चालू विनंत्या तोडून सगळे चाइल्ड प्रोसेस मारले जातात. सावकाश बदल हवा तर यूएसआर१ हा वेगळा सिग्नल. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये एचयूपी हाच सावकाश मार्ग: मास्टर (मुख्य प्रोसेस) आधी नवी कॉन्फिग तपासतो आणि ती चुकीची निघाली तर जुन्यावरच चालू राहतो. दूरून लॉगिन करू देणारा एसएसएचडी एचयूपीवर स्वतःलाच नव्याने एक्झिक्यूट करतो. कॉन्फिगमध्ये चूक असेल तर चालू सेशन टिकतात, पण नवं लॉगिन बंद. म्हणूनच डेबियन या लिनक्समधल्या त्याच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणारी फाइल) रीलोडच्या दोन ओळी आहेत: पहिली 'एसएसएचडी -टी' (लहान टी) ने तपासणारी, दुसरी एचयूपी पाठवणारी. ही पहिली ओळ प्रत्येक सर्व्हिसला असायला हवी.

पोस्टग्रेस हा डेटाबेस इथे सगळ्यात प्रामाणिक वाटतो. 'शेअर्ड बफर्स' किंवा 'मॅक्स कनेक्शन्स' ही सेटिंग बदलून रीलोड केलं तर तो लॉगमध्ये सांगतो की रीस्टार्टशिवाय हे लागू होणार नाही. ९.५ आवृत्तीपासून 'पीजी सेटिंग्ज' या त्याच्या सेटिंग्जच्या तक्त्यामध्ये 'पेंडिंग रीस्टार्ट' हा रकानाच आहे.

२०१० मध्ये लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडी आलं आणि पीआयडी फाइलचा प्रश्न जवळपास मिटला, कारण आपले प्रोसेस कोणते हे ते सीग्रुप या कर्नलमधल्या प्रोसेस-गटांवरून ओळखतं. पण त्याच वेळी 'रीलोड' या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. 'सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स' ही सिस्टमडीची कमांड सर्व्हिसला तिची स्वतःची कॉन्फिग वाचायला लावते. 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' मात्र कुठल्याच डीमनला हात लावत नाही. सिस्टमडी स्वतः युनिट फाइली पुन्हा वाचतं. हे नाव चुकलंच. 'युनिट-रीलोड' म्हटलं असतं तर कितीतरी गैरसमज टळले असते.

याचा सर्वात मोठा फटका फाइल डिस्क्रिप्टरच्या मर्यादेत (एका प्रोसेसने एका वेळी किती फाइली उघडायच्या) बसतो. युनिट फाइलमध्ये 'लिमिट नो-फाइल' ६५५३६ केलं, डीमन-रीलोड केलं, वर सर्व्हिसही रीलोड केली. 'सिस्टमसीटीएल शो' नवा आकडा दाखवतं, तरी 'टू मेनी ओपन फाइल्स' येतच राहतं. कारण ही मर्यादा प्रोसेस सुरू होतानाच लागते, आणि 'शो' दाखवतं ते युनिटमधलं मूल्य. खरं मूल्य प्रॉक या फोल्डरमधल्या त्या पीआयडीच्या 'लिमिट्स' फाइलमध्ये दिसतं. इथे डीमन-रीलोड आणि त्यानंतर रीस्टार्ट, एवढाच उपाय.

उत्तर न मिळण्याची जुनी उणीव सिस्टमडीतही शिरली. असंख्य युनिट फाइलींत रीलोडची ओळ म्हणजे नुसतं 'किल -एचयूपी', त्यामुळे सर्व्हरने फाइल उघडण्याआधीच 'रीलोड झालं' असं कळतं. बदल सर्व्हरवर चढवणाऱ्या डिप्लॉय स्क्रिप्टने लगेच पुढची तपासणी केली तर ती जुन्याच कॉन्फिगवर पास होते. यासाठी २५३ व्या आवृत्तीत (२०२३) 'नोटिफाय-रीलोड' हा प्रकार आला: सिग्नल मिळाल्यावर सर्व्हिस आधी 'रीलोडिंग' आणि काम झाल्यावर 'रेडी' कळवते, तोवर कमांड थांबून राहते. त्यासाठी सर्व्हिसच्या कोडमध्येच बदल लागतो, नुसती युनिट फाइल बदलून भागत नाही.

एनजिनएक्समध्ये आणखी एक पेच आहे. 'एनजिनएक्स -टी' (मोठा टी) डिस्कवरची कॉन्फिग छापतो, चालू असलेली नव्हे. रीलोडनंतर प्रोसेसची यादी देणाऱ्या 'पीएस'मध्ये 'इज शटिंग डाउन' लिहिलेले जुने वर्कर (विनंत्या हाताळणारे प्रोसेस) दिसत राहिले, तर वेबसॉकेटसारखी लांबलेली कनेक्शन्स अजून जुन्या कॉन्फिगवर आहेत. 'वर्कर शटडाउन टाइमआउट' दिला नसेल तर ते तासन्‌तास तसेच राहतात.